साठीनंतरचा कॅमेरा, मोटार आणि मुशाफिरी

छायाचित्रणाची हौस, मोटार हाकण्याची आवड आणि भटकंतीचा नाद हे तिन्ही ज्याच्या ठायी एकत्र आले, त्याच्या जमाखर्चाची वही कोणत्याही काळी सुरक्षित राहिलेली नाही. आणि सेवानिवृत्तीनंतर हाती थोडाबहुत पैसा व पुष्कळसा वेळ आला म्हणजे तर दुकानातील काचेच्या कपाटांपुढे पावले आपोआप रेंगाळू लागतात. अशा समानशील वाचकांपैकी ज्यांनी साठी ओलांडली असून या नादात नव्याने अथवा पुन्हा एकवार पडण्याची तजवीज चालविली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे असे, की या वयात कॅमेरा, मोटार आणि रस्ता या तिन्हींची निवड एकाच कसोटीवर करावी: वाटेत मनात येईल तेथे निर्वेधपणे थांबता येते की नाही, आणि थांबल्यावर विनासायास कॅमेरा डोळ्याला लागतो की नाही. ज्या यंत्रामुळे, ज्या वाहनामुळे अथवा ज्या मार्गामुळे थांबणे जिवावर येते, ते कितीही नामांकित असले तरी आपल्या उपयोगाचे नाही.

प्रथम वजनाचा मामला पाहू, कारण बहुतेक हौशी मंडळींची निराशा येथूनच सुरू होते. क्रीडांगणावर अथवा लग्नमंडपात वावरणाऱ्या व्यावसायिकांच्या हाती जी ७० ते २०० मिलिमीटरची मोठ्या छिद्राची लेन्स दिसते, ती एकटीच सुमारे दीड किलो भरते. तिला साजेसा कॅमेरा, निसर्गदृश्यांसाठी रुंद कोनाची दुसरी लेन्स, जादा बॅटऱ्या आणि तिपाई एवढा सरंजाम जमला, की पाच किलोंचे ओझे केव्हा झाले हे कळतही नाही. सुरुवातीच्या सहलींत उत्साहाच्या भरात ते वाहिले जाते. पुढे ते डिकीत विसावते, आणि अखेरीस घरच्या कपाटात कायमचा मुक्काम ठोकते. नाकापेक्षा मोती जड ही म्हण कॅमेऱ्यांच्या दुकानावर पाटी म्हणून लावण्यास हरकत नसावी. नव्याने खरेदी करणाऱ्याने मायक्रो फोर थर्ड्स या जातीच्या आरसाविरहित कॅमेऱ्यांचा आधी विचार करावा, अशी माझी शिफारस आहे. २००८ साली प्रचारात आलेल्या या पद्धतीत प्रतिमा टिपणारा संवेदक १७.३ गुणिले १३ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या रुंदीने निम्म्याहून किंचित लहानच असल्यामुळे, १५० मिलिमीटरची लेन्स त्यावर ३०० मिलिमीटरच्या लेन्सइतके दूरचे जवळ आणते, आणि तरीही ती कोटाच्या खिशात मावते. अंधुक प्रकाशात लहान संवेदकाच्या चित्रात कण अधिक उमटतात हे खरे. परंतु ज्यांना आपली चित्रे भिंतीवर हातभर आकारात टांगावयाची आहेत किंवा नातवंडांना पडद्यावर दाखवावयाची आहेत, त्यांना हा फरक भिंग लावूनच शोधावा लागेल.

हाताच्या कंपाची गोष्टही येथेच सांगितलेली बरी. जुना दंडक असा, की लेन्सच्या लांबीचा जो आकडा असेल सेकंदाच्या तितक्याव्या भागापेक्षा शटर मंद ठेवू नये; २०० मिलिमीटरची लेन्स असेल तर निदान १/२०० सेकंद. हा दंडक स्थिर हातांच्या माणसांनी घालून दिलेला आहे. साठीनंतर तो दुप्पट कडक समजावा, अथवा ज्या कॅमेऱ्यात कंपनिवारणाची सोय संवेदकालाच जोडलेली असते तो घ्यावा. या सोयीमुळे तीन-चार पायऱ्या (स्टॉप) मंद शटरही निभावते आणि तिपाईचे ओझे पुष्कळदा टळते. मात्र आपला हात थरथरला तरच ती कामास येते. समोरचा पक्षी उडाला किंवा बैलाने मान हलविली, तर तेथे वेगवान शटरावाचून इलाज नाही.

डोळ्यांचा विषय याहून नाजूक आहे. कॅमेऱ्यात डोकावण्याच्या झरोक्याशेजारी एक लहानसे चाक असते. चष्म्याच्या नंबराप्रमाणे ते फिरवून घ्यावयाचे असते, आणि पुष्कळांना त्याचा पत्ताच नसतो. ते फिरविताना समोरच्या देखाव्याकडे न पाहता झरोक्यातच दिसणाऱ्या आकड्यांकडे पाहावे, ते रेखीव दिसले की नंबर जुळला असे समजावे, आणि चाकावर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकावा, कारण पिशवीत घासून ते हमखास फिरते. दुसरी गोष्ट मोतीबिंदूची. वयाबरोबर डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते, आणि हा बदल इतक्या मंद गतीने होतो की ज्याचा डोळा त्याला तो जाणवत नाही. शस्त्रक्रियेने ते भिंग काढून कृत्रिम बसविले, की मग एकाएकी पांढरे कपडे निळसर भासू लागतात. एका डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन दुसऱ्याची बाकी असताना आळीपाळीने एकेक डोळा झाकून चुना दिलेल्या भिंतीकडे पाहावे: एका डोळ्याला ती शुभ्र, किंचित निळी दिसते, आणि दुसऱ्याला तीच भिंत जुन्या दस्तऐवजाच्या रंगाची. अशा संधिकालात संगणकावर बसून चित्रांचे रंग दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. रंगांचा तोल कॅमेऱ्यावर सोपवावा, प्रत्येक चित्राची कच्ची प्रत, जिला रॉ फाइल म्हणतात, ती राखून ठेवावी, आणि दुसरा डोळा निवळल्यावर सावकाश तिला हात घालावा.

ज्यांच्या घरी जुनी सामग्री पडून आहे त्यांनी ती भंगाराच्या भावाने फुंकून टाकण्याची घाई करू नये. आमच्या पिढीतील कित्येकांनी छायाचित्रणाची अक्षरओळख आग्फा क्लिक-थ्री या कॅमेऱ्यावर केली. एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे, उटीच्या सरकारी कारखान्यातून येणारी ‘इंदू’ फिल्म, आणि रोल धुऊन येईपर्यंतची हुरहूर, यांमुळे बटण दाबण्यापूर्वी पाच वेळा विचार करण्याची जी सवय जडली, तिचा उपयोग आजही होतो. क्लिक-थ्री आता शोभेपुरतीच. पण निकॉनची १९५९ पासून चालत आलेली किंवा पेंटॅक्सची १९७५ पासूनची पकड असलेल्या जुन्या लेन्सा आरसाविरहित कॅमेऱ्यांवर जोडकडे लावून उत्तम चालतात. केंद्र, म्हणजे फोकस, हाताने साधावे लागते खरे, परंतु झरोक्यातील प्रतिमा मोठी करून पाहण्याची सोय असल्याने ते काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

अडचण एकच, ती म्हणजे बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या लेन्सला ती लागली नसेल तर आश्चर्य मानावे. जुनी लेन्स घेताना किंवा घरचीच बाहेर काढताना तिचे छिद्र पूर्ण उघडावे, मागील बाजूने बारीक विजेरीचा झोत तिरका सोडावा आणि पुढून पाहावे. समोरून निर्मळ दिसणाऱ्या काचेच्या कडेला फांद्या फुटलेले पांढुरके तंतू अशा वेळी लख्ख दिसतात. तंतू कडेपुरते असतील तर जाणत्या कारागिराकडून लेन्स साफ होते. मध्यभागी पसरून त्यांनी काचेवरील लेप खाल्ला असेल तर तो सौदा सोडून द्यावा, विकणारा कितीही ओळखीचा असला तरी. प्रतिबंधाचा उपाय सोपा आहे. चामड्याचे म्यान काढून टाकावे, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह लेन्सा ठेवाव्यात, डब्यात आर्द्रता दाखविणारे लहानसे मापक ठेवून काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावा, आणि जेलचे खडे रंग पालटू लागले की स्वयंपाकाखेरीजच्या एखाद्या जुन्या तव्यावर मंद आचेने ते कोरडे करून घ्यावेत. महिन्यातून एखाद्या दिवशी लेन्सा काढून उजेडात ठेवाव्यात. नुसत्या डब्याच्या भरवशावर राहू नये.

आता मोटारीकडे वळू. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, पुढे जी प्रीमियर पद्मिनी या नावाने २००० सालाच्या सुमारापर्यंत निघत राहिली, तिचा अभिमान बाळगणारे अजूनही भेटतात. तिचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन एप्रिल-मे महिन्यांत घाट चढताना तापे, पेट्रोलची वाफ होऊन पंप अडे, आणि मग बोनेट उघडून पंपावर ओले फडके टाकून बसावे लागे. हे सारे मान्य करूनही सांगतो, की थांबण्याच्या कलेत ती गाडी श्रेष्ठ होती. गिअरचा दांडा सुकाणूपाशी असल्यामुळे पुढची बैठक सलग असे, आणि चालक व सोबती यांच्या मध्ये कॅमेऱ्याची पिशवी हाताशी राही. आजच्या गाड्यांत ती जागा गेली. तेव्हा पिशवी सोबत्याच्या बैठकीमागे, जमिनीवर ठेवावी. बैठकीवर ठेवली तर पहिल्याच ब्रेकला ती पुढे येते, आणि डिकीत ठेवली तर बाहेरच येत नाही.

या छंदासाठी नवी गाडी पाहावयास जाल तेव्हा विक्रेता जे दाखवील ते पाहून घ्यावे, परंतु तो जे दाखवीत नाही तेही तपासावे. बैठक आपल्या कमरेच्या उंचीची आहे काय, म्हणजे गुडघे न मोडता बसता-उठता येते काय. मागील दारांच्या काचा पूर्ण खाली जातात की अर्ध्यावरच अडतात. स्टेपनी आहे, की तिच्या जागी पंक्चर काढण्याची डबी देऊन बोळवण केली आहे. डाव्या गुडघ्याची तक्रार असणाऱ्याने स्वयंचलित गिअरची गाडी घ्यावी. दर दहा मिनिटांनी थांबणाऱ्या माणसाला क्लचचा जाच नको. निवृत्त माणसाची गाडी फार पळत नाही, त्यामुळे तिचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. नक्षी ठसठशीत दिसते आणि रबराला मात्र भेगा पडलेल्या असतात. टायरच्या कडेवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. पावसाळी घाटात तेवढ्यावर विसंबू नये.

घाटाविषयी जुन्या चालकांचा शिरस्ता असा, की ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा. तो आजही तंतोतंत खरा आहे, आणि स्वयंचलित गाडीतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते ती मुद्दाम शिकून घ्यावी. नुसत्या ब्रेकवर ताम्हिणी किंवा आंबोली उतरणाऱ्याला पायथ्याशी जळका वास येतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. वळणावर, दरीकडेच्या कठड्यापाशी किंवा दरडीखाली गाडी उभी करू नये, धबधबा कितीही मोहक असो. थोडे पुढे जाऊन रुंद जागा पाहावी आणि चालत मागे यावे. पंचावन्न वर्षांनंतर वाहन-परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांच्याच मुदतीने होते, आणि चाळिशीनंतर त्यासाठी नमुना १-अ मधील वैद्यकीय दाखला लागतो. हा दाखला केवळ कागदाचा सोपस्कार समजून न उरकता त्या निमित्ताने दृष्टी खरोखरच तपासून घ्यावी. रात्रीचा प्रवास मी सरसकट वर्ज्य सांगतो. समोरून येणाऱ्या दिव्यांची प्रभा वयाबरोबर डोळ्यांत अधिक पसरते, आणि अंधारात आपणांस टिपण्याजोगेही काही नसते.

रस्त्याची निवडही याच न्यायाने करावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाल्यापासून तिकडची वाहतूक बव्हंशी त्याच्याकडे गेली. त्या मार्गावर हौसेखातर थांबण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. पोहोचण्यासाठी तो मार्ग धरावा. चित्रांसाठी निघालेल्याने जुना रस्ता धरावा आणि एका दिवसाची मजल तरुणपणीच्या निम्मी ठेवावी. सोबत्याला हे आधीच सांगून ठेवले म्हणजे गृहसौख्य टिकते.

मोटारीचा सर्वांत मोठा उपयोग मात्र चालण्यात नसून उभे राहण्यात आहे. माळरानावरील पक्षी आणि हरणे माणूस पायउतार होताच पळ काढतात, पण उभ्या मोटारीकडे दुर्लक्ष करतात. बारामती तालुक्यात सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य क्षेत्रफळाने जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे असले, तरी चिंकारा, चंडोल, धाविक यांच्यासाठी हौशी लोकांत प्रसिद्ध आहे, आणि त्याचे दर्शन गाडीत बसूनच घ्यावे. तेथे कामास येते ती तांदळाची पिशवी. जुन्या जाड विजारीचा पाय गुडघ्यापाशी कापावा, एक तोंड शिवून टाकावे, दोन किलोंच्या आसपास तांदूळ भरून दुसरे तोंडही शिवावे किंवा घट्ट बांधावे. पिशवी ठासून न भरता तिचा तिसरा हिस्सा रिकामा राखला, म्हणजे अर्ध्या वर घेतलेल्या काचेवर ती दोन्ही बाजूंना झुकून बसते. तिच्या मध्यावर लेन्स दाबून ठेवली की स्वतःची खाच ती स्वतःच करून घेते. इंजिन बंद करावे, कारण त्याचा कंप पिशवीतूनही पोहोचतो. गाडीतील मंडळींनी हालचाल करू नये. आणि पक्षी दिसल्यावर गाडी थेट त्याच्याकडे न नेता तिरकी, टप्प्याटप्प्याने न्यावी. प्रवास संपल्यावर तांदूळ शिजवून खाण्यास प्रत्यवाय नाही, फक्त आधी निवडून घ्यावेत.

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तेथे मोटारीचे काम काठापर्यंतच, पुढे कुंभारगावच्या मच्छिमारांची नाव. नावेत तिपाई निरर्थक, शटर १/१००० च्या वर, आणि पहाटेची वेळ, एवढे पथ्य पुरे. नाववाल्याला जवळ, आणखी जवळ नेण्याचा आग्रह करू नये; थवा उडविला की पक्ष्यांचा चारा बुडतो.

साताऱ्याजवळचे कासचे पठार हे गुडघेदुखीवाल्यांची परीक्षा आहे. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत जांभ्या दगडाच्या पातळ मातीवर जी फुले येतात, त्यांतील सीतेची आसवे किंवा गेंद ही करंगळीच्या नखाहून फारशी मोठी नसतात, आणि त्यांचे चित्र त्यांच्याच उंचीवरून काढले तर खुलते. येथे ज्याचा मागील पडदा बाहेर ओढून वर वळविता येतो असा कॅमेरा हवा. जमिनीलगत तो धरावा आणि पायवाटेवर बसूनच पडद्यात वरून पाहावे. लोटांगण घालण्याची गरज पडत नाही, आणि फुलेही चिरडत नाहीत. ओल्या पानांवरील व काळ्या कातळावरील पांढरी चमक घालविण्यासाठी पोलरायझर हे फिरते गाळणे लावावे. त्याने प्रकाश दीड-दोन पायऱ्या घटतो, पण सह्याद्रीचा हिरवा रंग त्यावाचून पुरा उतरत नाही. हेच गाळणे लावून मोटारीच्या बंद काचेआडून मात्र चित्र काढू नये, कडक केलेल्या काचेतील डाग-पट्टे चित्रात उमटतात.

लेण्यांकडे जाणाऱ्यांनी वार पाहून निघावे: अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्यामुळे तिथे दुपार टळल्यावर जावे, म्हणजे तिरपे ऊन मंडपात शिरते. अजिंठ्यास मोटार फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवून पुढे बसने जावे लागते, तेव्हा एकच मोठ्या छिद्राची लेन्स घ्यावी आणि बाकीचे सामान गाडीत काचेतून दिसेल असे ठेवू नये. आत फ्लॅशला मनाई आहे, तिपाईला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आयएसओ ३२०० वर नेऊन, कोपरे छातीशी घट्ट धरून, श्वास सोडता सोडता बटण दाबावे, म्हणजे काम भागते. आपली कुरकुर जास्त होऊ लागली तर मेजर रॉबर्ट गिलची आठवण काढावी. १८४४ साली नेमणूक झाल्यापासून या मद्रासी पलटणीच्या अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात हयात घालविली, त्या नकलांचा मोठा भाग १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाला, आणि मधल्या काळात काचेच्या तबकड्यांवर त्याने टिपलेली जोडचित्रे मात्र १८६४ सालीच पुस्तकरूपाने छापली गेली होती. त्याची कबर भुसावळला आहे.

हवेचे पथ्य थोडक्यात सांगतो. वातानुकूलित गाडीतून कोकणच्या दमट हवेत उतरताच लेन्सवर बाष्प धरते, आणि ते पुसण्याचा मोह झाला की काचेवर चरे पडतात. मुक्कामाच्या पंधरा-वीस मिनिटे आधीच वातानुकूलन बंद करून काचा उघडाव्यात आणि पिशवी मिटलेलीच ठेवावी. देशावर शत्रू आहे ती धूळ. लेन्स बदलावयाची ती गाडीत, काचा लावून आणि पंखा बंद करून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या पुढच्या फळीवर कॅमेरा कदापि ठेवू नये, तापलेल्या लेन्समधील वंगण पातळ होऊन छिद्राच्या पाकळ्यांवर उतरते.

घरी परतल्यावर चित्रांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या डिस्कांवर कराव्यात, आणि त्यांतील एक मुलाच्या अथवा मुलीच्या घरी ठेवावी. निवडक चित्रे कागदावर जरूर छापून घ्यावीत, आणि त्यांच्या पाठीवर स्थळ, तारीख व चित्रातील माणसांची नावे लिहावीत. बॉलपेनने लिहिल्यास खळगे पुढच्या बाजूस उठतात आणि शाई शेजारच्या चित्रास लागते, म्हणून मऊ शिशाची पेन्सिल घ्यावी. हल्लीच्या प्लॅस्टिकचा लेप असलेल्या कागदावर पेन्सिल धरत नाही. तेथे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती चित्राबरोबर अल्बमच्या कप्प्यात सरकवावी.